टाके शाबूत, चेहरा गायब

बाईंना बसा म्हटलं, तर त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचे पाइप तेवढे. तिथून त्या दाराशी आल्या, क्षणभर थांबल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या. काखेत कापडाची एक लांबलचक गुंडाळी होती. ती खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

भाच्याला नुसतं बघूनच गरगरायला लागलं. त्याच्या मामाला मुळातच एका जागी बसवत नसे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर मामाचं हे दोन खोल्यांचं ऑफिस होतं, आणि खासगी तपासाची जवळजवळ सगळी कामं त्यानं या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत निपटली होती. मामा साठीचा, काटकुळा. भाचा चाळिशीचा, अंगानं भरलेला, चांगल्या नोकरीवर पाणी सोडून मामाच्या मागे लागलेला. त्याचं काम म्हणजे गाडी चालवायची, चहा आणायचा आणि मामा मोठ्यानं विचार करू लागला की अधूनमधून ‘हं’ म्हणायचं. आज खोलीत फिरणारी दोन माणसं झाल्यावर त्यानं चहाचे कप हातात धरून भिंतीला पाठ लावली.

बाई चित्रकर्ती होत्या. कापडावर रंगवायचं आणि त्याच कापडावर सुईदोऱ्यानं भरायचं, ही त्यांची पद्धत. चेहरे आणि हात रंगात, बाकी सगळं दोऱ्यात. नाव झालं होतं, मोठ्या दालनात प्रदर्शन ठरलं होतं, आणि उद्या सकाळी दालनाची गाडी चित्रं न्यायला येणार होती.

“माझ्या नणंदेनं केलंय,” त्या म्हणाल्या. “माझ्या मनात शंका नाही. पण नवरा म्हणतो, अन्याय होतोय. मी तिला संध्याकाळपर्यंत घर सोडायला सांगितलंय. टॅक्सीही सांगून झालीय. मी चुकत असेन तर मला आजच कळायला हवं. उद्या कळून काय उपयोग?”

मामानं गुंडाळी त्यांच्याकडून घेतली आणि जमिनीवर पसरली.

जुन्या चादरी, उशांचे अभ्रे आणि रात्री घालायचे गाऊन यांचे तुकडे जोडून केलेलं मोठं कापड होतं ते. त्यावर एक पलंग, पलंगावर उशी, उशीवर करड्या दोऱ्यांनी भरलेले विस्कटलेले केस. खाली लोकरी स्वेटर. त्याची वीण दाखवायला गाठीचे टाके इतके दाट घातले होते, की मोहरी पेरल्यासारखी वाटावी. त्याखाली पांघरूण. पण केसांच्या मधे चेहराच नव्हता. बाह्यांच्या टोकांना हात नव्हते. तिथं नुसतं कापड होतं, मळकट, फिकट डागांचं.

भाचा नीट बघायला वाकला आणि चहा सांडला.

फार नाही, दोन थेंब. एक उशीवर पडला आणि मुरला. दुसरा चेहऱ्याच्या जागी पडला, तिथं गोल होऊन क्षणभर थांबला आणि घरंगळत गेला. भाच्यानं घाईघाईनं रुमालानं टिपला. बाई तेव्हा खिडकीशी पाठमोऱ्या होत्या, हे त्याचं नशीब. मामानं मात्र पाहिलं होतं. आता आपली खरडपट्टी निघणार, असं भाच्याला वाटलं, पण मामा त्याच्याकडे कौतुकानं बघत होता. त्यानं तो जास्तच घाबरला.

चित्र मामाच्या प्रश्नांतून हळूहळू उलगडलं. पलंगावरची म्हातारी म्हणजे बाईंच्या सासूबाई. दोन वर्षं अंथरुणाला खिळून, भ्रमिष्ट होऊन गेल्या. त्यांच्याच कपड्यांवर बाईंनी त्यांचे शेवटचे दिवस चितारले होते. बाईंची नणंद, म्हणजे म्हातारीची मुलगी, त्याच घरात राहायची. लग्न केलेलं नव्हतं, पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. बाईंच्या चित्रांतलं भरतकाम तिचंच. हेही तिनंच भरलं. पण भरून झाल्यावर म्हणाली, आईला या अवस्थेत लोकांसमोर टांगायचं नाही, टांगलंत तर मी स्वतःच्या हातानं पुसून टाकीन. शेवटचा हात फिरवायलाही तिनं साफ नकार दिला. त्याला चार दिवस झाले नाहीत, तोच आज सकाळी बाईंनी चित्रावरचं आच्छादन काढलं आणि हे दिसलं.

“कशानं पुसलं असेल?”

“टर्पेंटाइनची बाटली खोलीतच असते.”

मामानं गुडघ्यांवर बसून कापडाला नाक लावलं. मग डोळे मिटून टाक्यांवरून बोटं फिरवली, स्वेटरवरून, केसांवरून, पार पांघरुणापर्यंत. “रंग कोणते वापरता?”

बाईंनी ओठ आवळले. त्वचा जिवंत दिसावी म्हणून यंदा काही नवं केलंय, म्हणाल्या, आणि ते प्रदर्शनाआधी कुणाला सांगणार नाही. मामानं आग्रह धरला नाही. काल संध्याकाळी त्या स्वतः दालनात होत्या. घरात नवरा, नणंद आणि मुलगी. मुलगी दोनच दिवसांपूर्वी आलेली. परगावी नोकरीला गेली ती आईशी भांडूनच. वर्षभर मायलेकींत अक्षराची बोलचाल नव्हती. आत्यानं मध्ये पडून तिला घरी आणलं होतं. काल दुपारी दालनाचा मालकही येऊन गेला होता.

“चला,” मामा म्हणाला. तो दारात पोचलासुद्धा होता.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं की चिंचोळी वाट, आणि वाटेतच एक तपकिरी बॅग उभी. आत जाणाऱ्याला तिला वळसा घालूनच जावं लागे. भाच्यानं वळसा घातला तरी पाय लागलाच. उघड्या खिडक्यांतून वारा शिरत होता आणि आतलं एक दार सारखं आपटत होतं. ते लावून घ्यावं असं कुणालाच वाटत नव्हतं. घरातला जो तो या खोलीतून त्या खोलीत जात होता आणि रिकाम्या हातानं परत येत होता.

नणंद तेवढी जागेवर होती. बॅग भरून झाली तरी ती मशीनवर बसून गिऱ्हाइकांचे कपडे पुरे करत होती. लोकांची कामं अर्धी टाकून जायचं नाही, म्हणाली. मामानं स्टूल ओढलं, पण बसला नाही.

पुसून टाकीन असं म्हणालात का, असं त्यानं विचारलं.

“म्हणाले. म्हणाले ते नाही कशाला म्हणू?”

“आणि पुसलंत?”

तिनं दोरा दातांनी तोडला. “वहिनीला वाटतंय ना तसं? मग तसंच.”

भाच्यानं मामाकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. एवढ्यात कबुली मिळाली, दुपारच्या जेवणाला घरी पोचता येईल. पण मामानं विषयच बदलला. भरतकामाची तारीफ केली, केसांना किती दिवस लागले ते विचारलं. तारीफ ऐकून नणंद जरा सैल झाली. केसांनी पार दमवलं, म्हणाली. वहिनी आधी चेहरा करून द्यायची आणि मग मी कडेनं भरायचे. या वेळी गालाजवळ आलं की सुई चिकटायची. चार टाके घातले की पुसायची, पावडर लावायची, पुन्हा चार टाके. असं आधीच्या चित्रांत कधी झालं नव्हतं.

बोलता बोलता ती उठली. एका लहान मुलीचा फ्रॉक इस्त्री करायचा होता, छातीवर फुलं भरलेली. टेबलाजवळच्या खुंटीकडे तिचा हात गेला, रिकाम्या खुंटीवर क्षणभर थांबला आणि मागे आला. मग तिनं एक चादर चौघडी करून टेबलावर टाकली, फ्रॉक फुलांच्या बाजूनं त्यावर पालथा घातला आणि उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली. फ्रॉक सुलटा केला तेव्हा फुलं छान टरारून उभी होती. मामा हे सगळं इतक्या तन्मयतेनं बघत होता, की भाच्याला थोडी लाज वाटली.

बाईंचा नवरा स्वयंपाकघरात सापडला. गणिताचा प्राध्यापक. हातात वर्तमानपत्र होतं, पण घडी उलगडलेली नव्हती. आईचं ते चित्र आपण एकदाही धड पाहिलेलं नाही, म्हणाला, बघवतच नाही. बहिणीवर आळ घेणं त्याला पटत नव्हतं आणि बायकोला खोटं पाडणंही जमत नव्हतं. दोघींच्या मधे उभं राहून त्याची उंची कमी झाल्यासारखी वाटत होती. मामानं सरळ विचारलं, की चित्र गेलं याचं वाईट वाटलं की बरं वाटलं. प्राध्यापकानं वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली.

“दोन्ही,” तो म्हणाला. मग एकदम चिडून त्यानं ओट्याकडे हात केला. “या चित्रापायी घरात दुधाचं एक पातेलं धड राहिलं नाही हो. शेगडीवर ठेवून तिचं ढवळणं चालू असतं. परवा मी चहा टाकला तर वर ही साय. घेतला तोंडात. चहाचा घोट गिळवेना.”

मामानं पातेलं उचलून कडेला नख लावलं आणि परत ठेवलं.

दालनाचा मालक, ज्याला घरात सगळे दालनवालाच म्हणत, बातमी ऐकून धावत आला होता आणि कामाच्या खोलीत दोन फोन घेऊन उभा होता. एक वाजायचा थांबला की दुसरा सुरू व्हायचा. भाच्याला हा माणूस पहिल्यापासून आवडला नाही. त्यातून तो म्हणाला, की बिनचेहऱ्याचं चित्र तर अजूनच जबरदस्त आहे, लोक बघायला तुटून पडतील. म्हणजे फायदा कुणाचा ते उघडच झालं. भाच्यानं मामाला कोपरानं ढोसलं. मामानं त्याचं कोपर बाजूला केलं.

काल येण्याचं कारण काय, असं मामानं विचारलं. चित्र कुठं लावायचं तो घोळ होता, दालनवाला म्हणाला. मुख्य भिंत त्यालाच द्यायची होती, पण तिथं दुपारी ऊन येतं. बाईंनी बजावलं होतं, उन्हाची तिरीपसुद्धा लागता कामा नये आणि दिवेही लांब हवेत. म्हणून पुन्हा एकदा माप घ्यायला आलो. बाई नव्हत्या, मुलीनं दार उघडलं.

“तेव्हा चेहरा होता?”

“होता म्हणजे? माझ्याकडे बघत नव्हती म्हातारी, पण कुणाकडे तरी बघत होती, अशी नजर. एकच खोट होती. कापड मोठं म्हणून खालचा भाग दांडीवर टाकलेला असायचा ना, तिथं पांघरुणावर आडवी ठसठशीत सुरकुती पडली होती. मी बोट ठेवून मुलीला दाखवली. म्हटलं, हे फार वाईट दिसेल. नीट टांगून ठेवा म्हणजे मोडेल.”

मामानं बाईंच्या नकळत गुंडाळीचं टोक उलगडून पांघरूण पाहिलं. मग भाच्याला दाखवलं. भाच्याला काहीच दिसलं नाही, आणि तसं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

“शाबास,” मामा म्हणाला. भाचा बुचकळ्यात पडला.

मुलगी शेवटी राहिली. पंचवीस-सव्वीसची असेल. तिनं सगळ्यांसाठी चहा केला, आणला आणि परत नेला. मघाच्या येरझाऱ्यांत भाच्यानं तिला दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती बॅगेपाशी उभी होती आणि माणूस दिसताच सटकली होती. डोळे सुजलेले. आत्या जाणार म्हणून रडली असेल, असं भाच्याला वाटलं, आणि त्याला तिची दया आली.

काल संध्याकाळी घरातच होते, ती म्हणाली. बाबा फिरायला गेले होते, आत्या गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला. मामानं मग आवाज मऊ करून विचारलं, की टर्पेंटाइननं रंग असा निघेल का गं?

“निघणारच नाही,” ती पटकन म्हणाली. “आईचे रंग कापडाचे, पक्के. लहानपणी मी तिचं एक चित्र बादलीत बुडवून बसले होते. मार खाल्ला, पण रंग तसूभर हलला नाही. मला कळतच नाही हा गेला कसा.”

तेवढं खरंखुरं आश्चर्य सकाळपासून भाच्यानं कुणाच्या बोलण्यात ऐकलं नव्हतं.

दुपार उलटल्यावर मामानं सगळ्यांना कामाच्या खोलीत बोलावलं. कापड मधल्या टेबलावर पसरलं. बाई खिडकीशी, प्राध्यापक दाराच्या चौकटीत, दालनवाला फोन खिशात घालून, मुलगी कोपऱ्यात. नणंद बाहेर जाण्याचे कपडे करूनच आली. मामा टेबलाभोवती फेऱ्या घालत बोलू लागला.

“आधी काय झालं नाही, ते बघू. रंग खरवडला असता तर कडेचे दोरे तुटले असते. एकही तुटलेला नाही. टर्पेंटाइननं पुसला असता तर फराटे उठले असते, वास राहिला असता. दोन्ही नाही. काय झालं ते माझ्या भाच्यानं सकाळीच शोधून काढलं.”

सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानंही मागं वळून पाहिलं.

“त्यानं चहा सांडला. उशीवरचा थेंब मुरला. चेहऱ्याच्या जागेवरचा घरंगळला. रंग गेला, पण कापडात असं काहीतरी मागे राहिलंय, की पाणी आत जात नाही. सुई चिकटवणारं काहीतरी. पातेल्यात वितळवावं लागतं, चहावर साय धरतं, आणि ज्याला ऊन सोसत नाही. बाई, तुमच्या नव्या रंगात मेण होतं.”

“मेणच होतं,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “मेणात कालवलेला रंग. त्याच्यातून उजेड आत शिरतो, खऱ्या कातडीसारखा.”

“आणि मेण कापडातून काढायचं तर उष्णता लागते. काल दुपारी पांघरुणावर ठसठशीत सुरकुती होती. आज भाच्याला शोधूनही सापडली नाही. एका रात्रीत अशी सुरकुती नुसती टांगून मोडत नाही. या कापडावर इस्त्री फिरली आहे. सरळ बाजूनं फिरली असती तर हे गाठीचे टाके चपटे झाले असते. ते उभे आहेत. म्हणजे कापड जाड, मऊ टॉवेलवर पालथं घातलं होतं आणि इस्त्री पाठीवरून फिरवली. चेहरा वितळून खालच्या टॉवेलात गेला. फिरवणाऱ्याला ते दिसलंही नाही.”

बाई खिडकीपासून सुटून आल्या. “पालथं घालून इस्त्री या घरात एकच माणूस करतं. मी तर इस्त्रीला हात लावत नाही. मग झालं की सिद्ध.”

नणंदेनं पर्स खांद्याला लावली.

“थांबा,” मामा म्हणाला. “टॉवेल कशासाठी घालतात? टाके जपायला. ज्याला चित्राचा सत्यानाश करायचाय, तो टाके कशाला जपेल?”

“टाके तिचे स्वतःचे आहेत. तिला फक्त चेहरा नको होता.”

“हेच मलाही वाटलं होतं. पण मग इस्त्री चेहऱ्यावर आणि हातांवर फिरली असती, काम संपलं असतं. पांघरुणावर रंगाचा ठिपकाही नाही. तिथली सुरकुती मोडायची उठाठेव कशासाठी? इस्त्री सबंध कापडावर फिरली, कारण फिरवणाऱ्याला कापड नीटनेटकं करायचं होतं. बाई, तुमचं चित्र कुणी बिघडवलं नाही. कुणीतरी ते सुधारायला गेलं.”

आपटणारं दार आणखी दोनदा आपटलं. प्राध्यापकानं जाऊन ते लावलं.

“आता मेण आहे हे ज्याला माहीत, तो काही सुरकुतीसाठी गरम इस्त्री लावणार नाही. माहीत कुणाकुणाला होतं? बाईंना अर्थातच. नणंदबाईंना सुईनं सांगितलं. प्राध्यापकांना चहानं. दालनवाल्यांना उन्हाची धास्ती होती. मी सगळ्यांशी बोललो. एकच माणूस असं निघालं, की ज्याच्या लेखी या घरातले रंग अजून पूर्वीचेच आहेत. बादलीत बुडवले तरी न हलणारे.” तो थांबला. टेबलापाशी खरोखर थांबला. “टॉवेल कुठं आहे ते मी विचारणार नाही. पुढचं ज्याचं त्यानं बोलावं.”

“काही बोलायचं नाही,” नणंद एकदम म्हणाली. ते मामाला नव्हतं.

पण मुलगी पुढं आली होती. आई, मी, एवढंच तिला आधी म्हणता आलं. मग सगळं बाहेर पडलं. चित्र पुरं झालं की आत्या उलटी इस्त्री फिरवायची, त्यानं रंग पक्का व्हायचा, हे ती लहानपणापासून बघत आली होती. या वेळी आत्या ते करणार नव्हती. आई चिडणार, पुन्हा भांडण, आणि आताच कुठं घर जरा जुळत आलं होतं. म्हटलं, कुणाला न सांगता आपणच करून टाकू, आत्या करते तसंच, दोघी खूश होतील. कापड उचललं आणि खाली टॉवेलवर आजीचा चेहरा.

“सकाळी मी सांगणारच होते. तू त्याआधीच आत्याचं नाव घेतलंस. आत्यानं माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि मला डोळ्यांनी गप्प केलं. नंतर टॉवेल माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, आत्ताशी तू घरी आलीयस, आई तुला परत बाहेर काढेल. मला काय, चार दिवसांत बोलावून घेईल. आणि मी गप्प बसले. मला भीती वाटली आई. त्या बॅगेकडे बघवत नव्हतं, तरी गप्प बसले.”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. राग कुठल्या कुठं गेला होता, आणि त्या जागी काय आणावं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या नणंदेकडे वळल्या.

नणंद बाहेर जाऊन बॅग उघडून टॉवेल घेऊन आली होती. टेबलावर तिनं तो पसरला. मोठा, पांढरा, खुंटीवर असायचा तो. त्यावर म्हातारीचा चेहरा उमटला होता, डावी बाजू उजवीकडे गेलेली, कडा पसरलेल्या. तरी नजर ओळखू येत होती.

“तुमचा आळ गेला वन्सं,” बाई म्हणाल्या. “माझं चुकलं. फार चुकलं. बॅग आत ठेवा.”

“आळाचं काय गं.” नणंद टॉवेलकडेच बघत होती. “तुला वाटतं, मी लोकांच्या लाजेनं नको म्हणत होते. आईनं दोन वर्षं मला ओळखलं नाही. भरवायचे मी, पुसायचे मी, मला म्हणायची, अहो बाई, जरा हळू. आणि तू खोलीत आलीस की ही अशी बघायची. तू नेमकी तीच नजर काढलीस. मी तिचे केस भरत होते तेव्हासुद्धा ती तुझ्याकडेच बघत होती. ते मी दालनाच्या भिंतीवर कसं बघू? ज्या घरात सून लेक झाली, तिथं लेकीनं कशाला राहायचं?”

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला.

बाई सकाळपासून पहिल्यांदा खाली बसल्या. मोडक्या स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

“ती माझ्याकडे बघत नव्हती,” त्या म्हणाल्या. “तिला मी तुम्ही वाटायचे. तुम्ही पुढं मशीनवर असायचात आणि ती मला तुमच्या नावानं हाक मारायची. रोज. मी कधी म्हटलं नाही की मी ती नव्हे. आणि तुम्हालाही सांगितलं नाही. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं वन्सं. मला ते हवं होतं, म्हणून ठेवून घेतलं.”

नणंदेच्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरावर आली. ती तिथंच लोंबकळत राहिली. भाच्याला वाटलं, आता ही जाणार. यावर कोण राहील? मामानं त्याला दाराकडे चलण्याची खूण केली, पण मामालासुद्धा स्वतःचे पाय उचलवत नव्हते.

हॉर्न पुन्हा वाजला.

“टॅक्सी परत पाठव,” नणंद भाचीला म्हणाली. मुलगी धावत गेली. मग नणंदेनं दुसरं स्टूल ओढलं आणि वहिनीच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. “कशी मारायची हाक? तिच्यासारखी मारून दाखव.”

बाईंनी डोळे मिटले आणि एका थकलेल्या, खरखरीत, लाडावलेल्या आवाजात हाक मारली. तो आवाज त्यांचा नव्हता. दारातला प्राध्यापक दचकून सरळ उभा राहिला.

“चिमे. ए चिमे.”

“ओ, आई,” नणंद म्हणाली.